कापसाच्या खोलीतला दमा

नेब्युलायझरचा मास्क तोंडावर असताना पेशंटने बोलायचं नसतं. औषध फुफ्फुसात जायच्या ऐवजी गप्पांत जातं. पण अनसूयामावशी बोलायच्याच.

"पोरी, तुया बापानं तुयं लगन काऊन थांबवून ठेवलं वं?"

"मावशी, श्वास घ्या."

"घेऊनच राह्यली ना. तो येत नाई, त्याले मी काय करू?"

त्यांचा मुलगा किसनभाऊ दाराशी उभा होता. तो हसला नाही. मावशींच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, ती त्यालाही दिसत होती.

मी भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात, पैनगंगेच्या अलीकडे, सब सेंटरची नर्स आहे. सब सेंटर म्हणजे भाड्याची एक खोली. तिच्यात लसींचा फ्रीज, वजनकाटा, बीपीचं मशीन आणि हा नेब्युलायझर. नेब्युलायझर म्हणजे लहानसा पंप. तो पातळ औषधाचा धुक्यासारखा फवारा करतो. दम्यात श्वासनळ्या आखडतात, आणि हे औषध त्या थोड्या वेळापुरत्या उघडतं. थोड्या वेळापुरत्या, हे इथे महत्त्वाचं आहे. त्या हिवाळ्यात मावशी एवढ्या वेळा माझ्याकडे आल्या, की बाकावरची भिंतीकडची जागा त्यांचीच झाली.

आमच्याकडे थंडी पडली की हैदराबादच्या टीव्हीवर आमची बातमी होते. आदिलाबादचा पारा घसरला, धुक्याचे सुंदर फोटो. एरवी आम्ही आहोत हे कोणाला आठवत नाही. त्या धुक्यात आमचे म्हातारे कसे श्वास घेतात, त्याचा फोटो निघत नाही.

नेब्युलायझेशन संपलं की मी पल्स ऑक्सिमीटर लावायचे. बोटाला लावायचा चिमटा, रक्तातला ऑक्सिजन किती ते सांगतो. थंडीत बोटं गार पडली की त्यावर आकडा येत नाही, नुसत्या रेघा येतात. म्हणून आधी हात चोळावे लागतात. मी मावशींचे हात माझ्या दोन हातांत धरून चोळत बसायचे. बाईने आयुष्यभर चुलीपुढे धूर खाल्लेला. हात मात्र मऊ होते, कापूस हाताळून सरकीच्या तेलाने होतात तसे.

आकडा यायचा तो चांगला नसायचाच.

मंडलच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते तिकडचे, वरंगलकडचे. माझ्याशी हिंदीत बोलतात.

"सर, अनसूयाबाई फिर आई थी."

"चलिकालम् है, सिस्टर." म्हणजे थंडीचे दिवस आहेत. "सबको होता है. गर्म कपड़ा, गर्म पानी, घर के अंदर रखो. पर्ची दी है ना?"

पर्ची दिली होती. जिल्ह्याहून आलेला तेलुगूतला कागद आशाताईने घरोघर मराठीत वाचून दाखवला होता. म्हाताऱ्या माणसांना बाहेरच्या कामाला पाठवू नका. दारं-खिडक्या लावून घ्या. उबदार जागी झोपवा. कागदात चूक काहीच नव्हती. फक्त तो लिहिणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नव्हतं.

मला एक गोष्ट खटकत होती. थंडीचा दमा पहाटे उठतो. पहाटेची हवा सगळ्यात गार असते. मावशी मात्र माझ्याकडे यायच्या दिवेलागणीनंतर, मी कुलूप लावून निघत असताना. पहाटे त्यांना खोकला असायचा, पण ही अशी ओढाताण नाही. एका दुपारी मी त्यांची सून सुनीता हिला विचारलं.

"वहिनी, संध्याकाळी घरी काय होतं?"

"काय होणार? सैपाक."

"चूल आत आहे?"

"नाई वो. कापूस घरात आला का चूल बाहेर. बिडीसुद्धा पेटवू देत नाई मी यायले. इस्तव लागला तं घरासंग आमी बी जाऊ."

मग त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. होम व्हिजिट. नोकरीतलं हे एकच काम मला खरं वाटतं.

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत किसनभाऊ, सुनीता आणि पोरं. दुसऱ्या खोलीत कापूस, आढ्याला टेकलेला. आणि त्या खोलीत मावशी. त्यांची बाज कापसाच्या ढिगात रुतवलेली होती, तिन्ही बाजूंनी पांढरी भिंत.

"गरम राह्यते," किसनभाऊ म्हणाला. "मायले गादी नाई लागत."

अंगणात ताडपत्रीवर कापूस वाळत घातला होता. सूर्य खाली गेला तशी सगळ्यांची धावपळ सुरू झाली. उशीर झाला तर दव पडतं, आणि दिवसभर वाळवलेलं पाण्यात जातं. किसनभाऊ आणि सुनीता गाठोडी बांधून दारातून आत फेकायचे. आत तो कापूस मागे सारून तुडवायला कोणीतरी लागतं, नाहीतर तो खोलीत मावत नाही.

आत मावशी होत्या. पदर डोक्याला गुंडाळून त्या गुडघ्याएवढ्या कापसात उभ्या होत्या आणि पायाने तुडवत होत्या. दार लोटलेलं होतं. बल्बच्या उजेडात धूळ एवढी होती की मला त्यांचा चेहरा नीट दिसेना.

"मावशी! बाहेर या आधी!"

"बाहेर थंडी हाय ना वं. तुमीच तं सांगतलं बाहेरचं काम नाई करायचं म्हणून. मी आता घरातलंच काम करतो."

कागदातली प्रत्येक ओळ या घराने पाळली होती. बाहेर पाठवू नका, तर आतलं काम दिलं. दार लावून घ्या, तर लावलं. उबेत झोपवा, तर गावातल्या सगळ्यात उबदार वस्तूत झोपवलं.

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि किसनभाऊला समजावलं. कापसाच्या धुळीत पानाचा चुरा असतो, बारीक तंतू असतात, ओलसर असेल तर बुरशी असते. थंडीने त्यांच्या नळ्या आधीच आखडलेल्या. त्यात ही धूळ रोज संध्याकाळी छातीत जाते. मी देते ते औषध दार उघडतं, आणि हा कापूस ते लगेच लावून घेतो.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सिस्टर, मी काय हौसेनं ठेवला काय? खरेदी केंद्रावर दोन खेपा झाल्या माया. ते मशीन खुपसते ढिगात, ओल मोजते. म्हंते ओला हाय, वापस ने. पौषात कोरडा कापूस कुठून आणू मी?"

त्याचंही खोटं नव्हतं. थंडीने दव पडतं, दवाने कापूस ओला राहतो, ओला म्हणून केंद्र घेत नाही, म्हणून तो घरात येतो आणि माणसाच्या छातीत बसतो. केंद्राचं मशीन कापसाची ओल मोजतं. माझं मशीन मावशींचा ऑक्सिजन मोजतं. दोन्ही सरकारी. एकाचा आकडा दुसऱ्याला कळवायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडलला गेले आणि डॉक्टरांना समोरासमोर सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्यापुढे रांग होती, आणि सगळी रांग खोकत होती.

"कपास अपना डिपार्टमेंट है क्या, सिस्टर?"

"फेफड़ा तो अपना है ना, सर."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पेन काढलं आणि मावशींच्या कागदावर गोळ्यांच्या खाली लिहिलं. मी वाचलं. अवॉइड डस्ट. धूळ टाळा.

परतीच्या जीपमध्ये मी तो कागद मांडीवर घेऊन बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गाड्या परत चालल्या होत्या.

आता प्रश्न जागेचा होता. पेशंटला कापसापासून दूर ठेवायचं, पण दूर कुठे? सब सेंटरमध्ये रात्री पेशंट ठेवता येत नाही, तसा नियम आहे. शेतकऱ्यांच्या सभांसाठी बांधलेला सरकारी हॉल आहे, पण त्याची किल्ली ज्या साहेबांकडे आहे ते लांब बोथ गावात राहतात आणि फोन उचलत नाहीत. शेजाऱ्यांकडे ठेवावं तर त्यांच्याही घरात कापूस. मी गावातली घरं मनात एकेक करून मोजली, आणि मग मलाच हसू आलं. या गावात ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या घरात कापूस आहे. ज्याच्या घरात कापूस नाही, त्याच्याकडे शेत नाही. म्हणजे पौष महिन्यात या गावातली स्वच्छ हवा एकाच ठिकाणी होती. आमच्या वस्तीत.

आम्ही बौद्ध. माझे आजोबा या शेतवाल्यांच्याच शेतांवर राबले. बाबा शिक्षक झाले आणि नोकरी सांभाळून चळवळीची पत्रकं लिहीत राहिले. आमच्या घरी मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. वस्तीत आम्ही वर्गणीने विहार बांधला आहे. पक्का स्लॅब, टाइल्स, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या. रविवारी वंदना असते, एरवी रिकामा.

परत आल्यावर मी मावशींना त्यांच्या ओट्यावरच विचारलं. किसनभाऊ आणि सुनीता समोर होते.

"मावशी, थंडी सरेपर्यंत आमच्या घरी राहता का? आई आहे, बाबा आहेत. वेगळी खोली देते. नाहीतर विहारात बाज टाकू, मी येऊन झोपेन सोबत. गोळ्यांपेक्षा त्याने जास्त फरक पडेल."

किसनभाऊ खाली बघायला लागला. सुनीता उगाच पोराचं नाक पुसायला लागली. उत्तर मावशींनीच दिलं, आणि फार मायेने दिलं. माझ्या गालावरून हात फिरवून.

"तू मले लेकीवानी हायस पोरी. पण तिकडं राहाले नाई येत मी. माया जीव गेला तं चालन. लोकायनं नाव ठेवलं तं नाई चालत."

हे म्हणताना त्यांना दम लागत होता. वाक्य तीन तुकड्यांत आलं. मी तुकडे जोडून घेतले.

माझा हात धरूनच त्या हे बोलल्या. माझ्या हातून औषध चालतं, माझ्या हाताची ऊब चालते. माझ्या छपराखालची हवा चालत नाही. मी ऑक्सिमीटर बॅगेत भरला आणि निघाले. बोलले असते तर ते नर्सचं बोलणं झालं नसतं.

दोन-तीन दिवसांनी किसनभाऊ आमच्या घरापुढे आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने बाबांना नमस्कार केला. "गुरुजी" म्हणाला. बाबांनी त्याला चौथीपर्यंत शिकवलेलं.

"आत ये."

"नाई, इथंच बरा हाव." मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, रातच्यानं माय लय बेजार झाली. निळी पडली. एक इचारू काय? तुमच्या वस्तीतला तो हाल... रिकामाच राह्यते म्हंते."

"मावशी यायला तयार झाल्या?"

"माय नाई. कापूस ठेवू देता काय तिथं? मायची खोली मोकळी होईन."

बाबा आत निघून गेले. "कमिटीला विचारावं लागेल," मी म्हणाले.

त्याच दुपारी विहारात कमिटी बसली. सिद्धार्थ सेक्रेटरी. ऑटो चालवतो, माझ्यापेक्षा वर्षभराने मोठा, आणि त्याचा आवाज माइकशिवाय पोचतो.

"माय चालत नाई अन कापूस चालते? अरे वा! कापूस बाटत नाई, माय बाटते! आपण काय यायचं गोदाम हाव का?"

सगळे त्याच्या बाजूने होते. बाबासुद्धा. "हा हॉल गोदामासाठी बांधला नाही," एवढंच ते म्हणाले.

सिद्धार्थ बोलत होता ते प्रत्येक वाक्य माझं होतं. त्याच्याआधी मीच ते मनात म्हणून झाले होते, आणि त्याच्यापेक्षा कडक शब्दांत. तरी मला उठावं लागलं.

"मला ती खोली रिकामी पाहिजे," मी म्हणाले.

"तिले इकडं आण ना मंग!"

"ती येत नाही."

"मग मरू दे तिच्या मर्जीनं."

"सिद्धार्थ, पेशंटचे विचार चांगले असतील तर औषध आणि वाईट असतील तर नाही, असं मला नर्सिंगला शिकवलं नाही. असं शिकवलं असतं तर या गावात माझं काम दुपारपर्यंत संपलं असतं."

कोणीतरी हसलं. सिद्धार्थ हसला नाही.

"तू त्याईची नर्स हायस का आमची पोरगी?"

"आत्ता ड्यूटीवर आहे," मी म्हणाले. हे उत्तर मला आजही आवडत नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "त्याने इथे येऊन मागावं. बाहेरून नाही. आत, चपला काढून, सतरंजीवर बसून." सिद्धार्थने ती अट उचलून धरली आणि ठराव झाला.

किसनभाऊ आला. चपला काढल्या. दाराजवळ सतरंजीच्या अगदी काठावर बसला, अर्धा टाइल्सवर. जे मागायचं ते त्याने मागितलं. आईने तांब्याभर पाणी पुढे ठेवलं.

"आत्ताच पेलो," तो म्हणाला.

त्याचे ओठ थंडीने फुटलेले आणि कोरडे ठणठणीत होते. तांब्या तिथेच राहिला. कमिटीने हो म्हटलं.

कापूस दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने आला. तो उतरवून आत वाहायला किसनभाऊने मजुरीने बायका लावल्या होत्या. आमच्याच वस्तीतल्या. तो स्वतः ट्रॅक्टरजवळ थांबला. माझी आई त्या बायकांना बघून म्हणाली, "शेतातून वेचला तुमीच, आता त्याले झोपवाले बी तुमीच आल्या काय वं?" बायका हसल्या. हसताना डोक्यावरची गाठोडी हलत होती.

तिथून मी मावशींच्या खोलीत गेले. त्यांना उन्हात बसवून सुनीताकडून खोली पुसून घेतली. झाडू नाही, ओला कपडा. झाडलं की धूळ पुन्हा उडते. आढं, भिंती, बाजेचे दोर, सगळं. बादलीतलं पाणी काळं झालं. खिडकी कापसामागे होती, ती आहे हेच घर विसरलं होतं. ती उघडली.

त्यानंतर मावशींचे संध्याकाळचे अटॅक थांबले. पहाटेचा खोकला राहिला. तो चुलीचा, जुना आहे, तो राहणारच. ऑक्सिजन वर आला. मी तो आकडा डॉक्टरांना फोनवर सांगितला.

"देखा सिस्टर, गोली काम कर गई."

मी "जी सर" म्हणाले.

कापूस विहारात वाळला. खिडक्या दोन्हीकडे, वारा आरपार, खाली कोरड्या टाइल्स. काही दिवसांनी किसनभाऊ गाडी भरून केंद्रावर गेला. या वेळी मशीनने ओल दाखवली नाही. तो खुशीत होता. सब सेंटरवर येऊन मला सांगून गेला, पेढाही दिला. मावशी तपासणीला आल्या होत्या. आता मास्क लागत नव्हता, म्हणून बोलायला पूर्ण मोकळीक होती.

"किसन म्हंते, तुमच्या हालची हवा लय चांगली हाय. कापूस कसा फुलासारखा झाला म्हंते."

"मावशी, एकदा बघायला तरी या."

त्यांनी माझा हात दाबला. "तू लगन कर वं आता," असं म्हणाल्या आणि छाती तपासायला पाठ माझ्याकडे केली. श्वासातली शिट्टी ऐकू आली नाही. हवा खालपर्यंत जात होती.

यंदाच्या हिवाळ्यात आणखी दोन घरांतून हॉलसाठी विचारणा झाली. दोन्ही घरांत दम्याचं माणूस आहे आणि दोन्ही घरांत खोलीभर कापूस. कमिटीने आता नवा ठराव केला आहे. आधी पेशंट आणा, मग कापूस आणा. बाबांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून दारावर लावला. नर्स म्हणून मला तो मान्य नाही. तो उतरवायला मात्र माझा हात उठलेला नाही.

अजून कोणी आलेलं नाही. दोन्ही पेशंटांचं नेब्युलायझेशन माझ्याकडे रोज चालू आहे. मी त्यांना थंडीच्या दिवसांत काय करायचं ते नीट सांगते. कापूस भरताना खोलीत थांबू नका. तुडवायचं काम करू नका. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा. खोली ओल्या कपड्याने पुसा. झोपायला कापसापासून दूर जा.

दूर म्हणजे कुठे, असं कोणी विचारत नाही. गाव लहान आहे. सगळ्यांना माहीत आहे.